जुने लोखंड, नवी धार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सोन्याविषयी बोलावे हे शोभून दिसले असते. परंतु सोन्याविषयी बोलण्याचा अधिकार सराफांचा, आणि त्याचे भाव ऐकून हळहळण्याचा अधिकार आपल्यासारख्या पगारदारांचा. आम्ही आज लोखंडाविषयी, आणि तेही जुन्या, गंजलेल्या, कोणी भंगार म्हणून बाजूस सारलेल्या लोखंडाविषयी बोलणार आहोत. अशा लोखंडाला नव्या सुरीच्या पात्यात जागा कशी देता येते, ती द्यावी की न द्यावी, आणि दिल्यास कोणत्या मर्यादा पाळाव्यात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभीच आमच्या पात्रतेचा खुलासा करणे योग्य होईल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. धातुशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. केंद्र सरकारच्या सेवेत आजवरचे आयुष्य फायली पुढे सरकविण्यात गेले. लोहाराच्या कानशीला इंग्रजीत फाइलच म्हणतात, हा योगायोग आम्हांस अलीकडे फार बोलका वाटू लागला आहे. दोन्ही फायली घासतात. एक लोखंडाला आणि दुसरी माणसाला. बदलीच्या नोकरीत जेथे जेथे राहिलो, तेथे तेथे सायंकाळी एखाद्या लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन बसण्याचा छंद जडला आणि टिकला. जे काही सांगणार आहोत ते त्या बैठकांतून आणि थोड्याबहुत वाचनातून आलेले आहे.

हा विषय आपल्या मंडळात का, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या घरांत आहे. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडील घरे गेल्या काही वर्षांत विकली गेली, पडली, किंवा वाटण्यांत गेली. घर मोडते तेव्हा परमुलखात राहणाऱ्या भावाच्या वाट्याला काय येते? जोत्याचे दगड रेल्वेने आणता येत नाहीत. सागाचे खांब आणले तर सरकारी निवासस्थानात ठेवायचे कोठे? मग पिशवीतून येते ते लोखंड. दिंडी दरवाजाची कडी, कोयंडा, बिजागरी, माजघराच्या खिडकीचा एखादा गज, आजीच्या विळीचे झिजलेले पाते, नांगराचा फाळ. या वस्तू आपल्याकडे माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पडून आहेत. टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. पुढची पिढी माळा साफ करील तेव्हा त्या वजनावर भंगारवाल्याकडे जातील. आणि त्यात त्या पिढीचा दोष असणार नाही, कारण त्या लोखंडाची ओळख तिला कोणी करून दिलेली नसेल.

म्हणून प्रथम ओळखीपासून सुरुवात करू.

लोखंड हे एकच नाव असले तरी त्याच्या तीन जाती व्यवहारात मानतात, आणि त्यांतील भेद मुख्यतः कोळशाचा, म्हणजे कार्बनचा आहे. ज्यात कार्बन शेकडा दोन ते चार, ते बिडाचे लोखंड. हे वितळवून साच्यात ओतता येते, पण घणाखाली फुटते. ज्यात कार्बन जवळजवळ नाहीच, म्हणजे शेकडा एकदशांशाहूनही कमी, ते घडीव लोखंड; हे मऊ, चिवट, तापवून हवे तसे वळविता येणारे. या दोहोंच्या मधले ते पोलाद, ज्याला आपल्या जुन्या भाषेत तिखे म्हणत. सुरीच्या धारेला शेकडा सहा-सातदशांशापासून एकपर्यंत कार्बन असलेले पोलाद लागते, कारण तापवून एकदम थंड केले असता, म्हणजे पाणी दिले असता, तेच कठीण होते.

आपल्या माळ्यावरील कडी-कोयंडा खरोखरच शंभर-दीडशे वर्षांचा असेल, तर तो बहुधा घडीव लोखंडाचा असतो. हे लोखंड पूर्वी आपल्या देशात दगड आणि लाकडी कोळसा लहान भट्टीत भाजून, मिळालेल्या गोळ्याला घणाखाली बडवून काढीत. दिल्लीचा लोहस्तंभ याच रीतीचा. सुमारे सात मीटर उंच आणि सहा टनांहून जड असलेला, सोळाशे वर्षांमागचा हा स्तंभ ओतलेला नाही. तापलेले गोळे एकमेकांस ठोकून जोडीत तो घडविला आहे. त्यातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरला आणि गंज थोपला, हे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून विशद केले. इंग्लंडात १७८४ साली हेन्री कॉर्ट याने बिडाचे लोखंड भट्टीत ढवळून शुद्ध करण्याची पद्धत काढली आणि त्या लोखंडाचे गज जहाजांतून जगभर गेले. आपल्या देशातील प्रारंभीचे रूळ आणि पुलांच्या तुळया याच जातीच्या. १८८९ साली उभा राहिलेला पॅरिसचा आयफेल मनोरा हाही पोलादाचा नसून अशाच घडीव लोखंडाचा आहे.

परंतु १८५६ साली बेसेमरने स्वस्त पोलादाची युक्ती शोधली आणि घडीव लोखंडाचे दिवस भरले. १९७० च्या दशकात इंग्लंडातील त्याचे शेवटचे व्यापारी उत्पादनही थांबले. बाजारात आज जो काळा गज मिळतो, तो दिसावयास तसाच, परंतु जातीने सौम्य पोलाद आहे. याचा अर्थ असा की, ज्याला अस्सल घडीव लोखंड हवे, त्याला ते जुन्या वास्तूत, जुन्या पुलात, जुन्या जहाजाच्या साखळीत शोधावे लागते. देशोदेशीचे सुऱ्या घडविणारे कारागीर आज अशा लोखंडाच्या मागे असतात, त्यामागे केवळ भावना नाही, हेही एक कारण आहे.

त्यांना ते इतके प्रिय का, हे समजण्यासाठी त्याच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. घडीव लोखंड कधी पूर्ण वितळलेले नसते, म्हणून त्यात थोडी मळी राहून जाते. वजनाने शेकडा एक ते तीन. गज ठोकून लांबविताना ही मळी तंतूंसारखी पसरते. त्यामुळे लोखंडाला लाकडासारखे रेषांचे अंग येते. असे पाते घासून आम्लात बुडविले की त्या रेषा उमटतात. जणू सागाच्या फळीवरील नक्षी. पूर्वी आपल्याकडे तलवारीचे जौहर उठविण्यासाठी हिराकस वापरीत; आजचे कारागीर फेरिक क्लोराइड वापरतात. नव्या गजातून ही नक्षी निघत नाही, कारण त्याच्या पोटात मळीच नसते. लोखंडातील जो दोष काढून टाकण्यासाठी शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे खटपट केली, त्याचीच आज वाखाणणी व्हावी, हा काळाचा विनोद आहे.

ओळख पटविण्याच्या दोन परीक्षा कोणीही लोहार करून दाखवील. पहिली, गजाला छिन्नीने अर्धवट खाच पाडून तो वाकवावयाचा. घडीव लोखंड असेल तर ते ओल्या बांबूसारखे चोयट्या काढीत फाटते. सौम्य पोलाद असेल तर ते गुमान वाकते किंवा स्वच्छ तुटते. दुसरी परीक्षा सहाणेच्या चाकावरची. पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटून चांदण्या होतात, आणि कार्बन जितका अधिक तितक्या चांदण्या अधिक. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, मंद, तांबूस आणि न फुटणाऱ्या.

आता मुख्य अडचण. घडीव लोखंडाला धार टिकत नाही. कितीही तापवा, कितीही पाणी द्या, त्यात कार्बनच नाही तर काठिण्य कोठून यावे? वाड्याच्या कडीची निव्वळ सुरी केली, तर ती वांगे कापील, पण दुसऱ्या दिवशी टोमॅटोही दाबून फोडील. म्हणून जुन्या लोखंडाला पोलादाची सोबत द्यावी लागते. पाते घडविताना मधोमध पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांस जुने लोखंड, अशी तिपेडी रचना करतात. धार लावली की मधले पोलाद तेवढे काठावर उघडे होते. जुने लोखंड अंग सांभाळते, नवे पोलाद धार सांभाळते.

ही युक्ती परदेशी नाही. पोलाद महाग आणि लोखंड मुबलक असे तोवर आपल्या खेड्यांतील लोहारही कुऱ्हाडीच्या आणि वाकसाच्या लोखंडी अंगाला तोंडाशीच पोलाद बसवीत. जपानात मात्र या जोडकामाला शास्त्राची प्रतिष्ठा आली. तेथील सुतारांच्या रंध्याची आणि पटाशीची पाती मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर जोडून करतात, आणि त्या मऊ अंगासाठी जहाजांच्या जुन्या नांगराचे आणि साखळ्यांचे लोखंड उत्तम मानतात. कारण व्यवहाराचे आहे. सबंध पाते कठीण असेल तर दगडावर घासता घासता सुताराचा दिवस जातो. अंग मऊ असेल तर धार लवकर लागते, आणि घाव बसला तर मऊ अंग तो सोसून घेते. १८७६ साली जपानी सरकारने तलवार बाळगण्यास बंदी केली, तेव्हा अनेक तलवार-लोहार सुताराच्या हत्यारांकडे आणि स्वयंपाकघराच्या सुऱ्यांकडे वळले. त्यांचे कसब लयाला न जाता घराघरांत पोचले.

आपल्या देशाच्या इतिहासातही या विद्येची एक लखलखीत नोंद आहे. १६२१ च्या एप्रिलमध्ये पंजाबात जालंधर परगण्यातील एका गावी मोठा आवाज होऊन आकाशातून एक तेजस्वी वस्तू पडली. तेथील अंमलदाराने जमीन खणविली, तेव्हा खाली लोखंडाचा तप्त गोळा सापडला. तो बादशहा जहांगीर याच्याकडे रवाना झाला. वजन भरले १६० तोळे, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोन किलो. बादशहाने उस्ताद दाऊद या कारागिराला आज्ञा केली की, याची तलवार, खंजीर आणि सुरी करावी. हे लोखंड घणाखाली टिकेना, फुटू लागले. तेव्हा तीन भाग आकाशीचे लोखंड आणि एक भाग साधे लोखंड असा मेळ घालून दाऊदने दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार केली. तलवार अस्सल तलवारीप्रमाणे वाकते आणि उत्तम कापते, याची परीक्षा बादशहाने आपल्यासमोर करविली आणि हा सर्व वृत्तांत आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला. त्यांतील सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे.

या हकिकतीतील दोन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, प्रत्यक्ष आकाशातून उतरलेल्या लोखंडालाही जमिनीवरच्या साध्या लोखंडाचा आधार घ्यावा लागला. दुसरी ही की, बादशहाने नोंद ठेवली. तिथी, परगणा, वजन, कारागिराचे नाव, मिश्रणाचे प्रमाण, सारे काही. त्या नोंदीवाचून ती सुरी संग्रहालयातील अनेक सुंदर सुऱ्यांपैकी एक झाली असती. वस्तूला इतिहास असतो तो वस्तूत नव्हे, तिच्याबरोबर चालत आलेल्या कागदात. हे आम्ही केवळ कचेरीतील सवयीने म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे होते ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात आपल्याच मंडळातील एका कुटुंबाने आपल्या वाड्याच्या कडीची सुरी करविली, तेव्हा आम्ही दोन दिवस तेथे बसून होतो. काम केले ते शहराबाहेर पाल ठोकून राहिलेल्या गाडिया लोहारांपैकी एकाने. हे लोक आपले मूळ चितोडला सांगतात. १५६८ साली चितोड पडले, तेव्हा गड परत मिळेतो छपराखाली राहणार नाही अशी शपथ आमच्या पूर्वजांनी घेतली, असे ते अभिमानाने म्हणतात. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. परंतु गाड्यांवरचे जिणे कित्येकांना सुटले नाही. आपल्याकडील घिसाड्यांप्रमाणेच यांच्यात पुरुष सांडशी धरतो आणि बाई घण मारते. आपल्या सभासदांपैकी ज्यांचे बालपण गावी गेले, त्यांना घिसाडणीच्या घणाचा तो ठेका आठवत असेल.

काम सुरू होण्याआधीच घरात वाद झाला होता. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातवाला सुरी हवी होती. आजी तयार होईनात. त्यांचे म्हणणे असे, "अरे बाळ, कडी वाजली की कोण आले ते मला चुलीपाशी बसून कळत असे. तुझे आजोबा एकदा वाजवायचे, पोस्टमन दोनदा. तुझ्या सुरीतून मला काय ऐकू येणार?" यावर नातवाजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याजवळही नव्हते. चार दिवसांनी आजींनीच तोड काढली. पिशवीत कड्या दोन होत्या. एक पुढल्या दाराची, एक परसदाराची. "पुढली तशीच ठेवा," त्या म्हणाल्या. "पुढल्या दाराने पाहुणे आले, वरात आली, तुझे आजोबाही त्याच दाराने गेले. परसदाराने आम्ही बायका उन्हातान्हात पाणी भरले. सुरी करायची तर माझ्या दाराची करा. ती तरी स्वयंपाकघरातच राहील."

परसदाराची कडी कोयंड्यासह तीनशे वीस ग्रॅम भरली. लोहाराने ती भट्टीत घातली आणि जवळजवळ पांढरी होईतो तापविली. घडीव लोखंड थंडावलेले ठोकले तर रेषेरेषेने उकलते. म्हणून ते नेहमी पिवळ्या-पांढऱ्या तापावरच घडवावे लागते. पहिल्या घावांसरशी मळीचे थेंब उडाले. नातू हिशेबी, त्याने दर टप्प्याला वजन केले. दुमडून, ठोकून, साफ करून दोन पट्ट्या झाल्या तेव्हा एकशे नव्वद ग्रॅम उरले होते. बाकीचे आगीने आणि ऐरणीने घेतले. आजी ते पाहत होत्या. "माई, आग अपना हिस्सा लेती है," लोहाराच्या बायकोने घण टेकवून म्हटले. ही घट टाळता येत नाही, आणि जुने लोखंड भट्टीत घालण्यापूर्वी प्रत्येकाने ती मनाशी मान्य केलेली असली पाहिजे.

मधल्या पोलादासाठी एक जुनी, मोठी, निकामी कानस घेतली होती. तिचे दाते आधी पुरते घासून काढले, कारण दाते राहिले तर जोडात फटी राहतात. दोन पट्ट्यांमध्ये कानस ठेवून तारेने बांधली, लालभडक झाल्यावर तीवर टाकणखार शिंपडला. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, हवा अडवितो आणि पृष्ठभागावरची पापडी विरघळवून घणाखाली बाहेर टाकतो. मग आला खरा कसोटीचा क्षण. घडीव लोखंडाला जोडासाठी मोठा ताप हवा. तेवढ्याच तापात पोलादातील कार्बन जळू लागतो आणि ते ठिणग्या टाकीत दाण्यादाण्याने विस्कटते. एकाला हवे ते दुसऱ्याला सोसत नाही. दोघांनाही चालेल असा मधला ताप लोहार केवळ रंगावरून ओळखतो, आणि त्या क्षणी त्याला चार-पाच सेकंदांहून अधिक अवधी नसतो. घाव आधी हलके, मधून कडांकडे, म्हणजे वितळलेला टाकणखार बाहेर निघावा. पहिल्या खेपेस एका टोकाला जोड धरला नाही. काळी रेघ दिसली. लोहाराने तेवढे टोक छिन्नीने उडवून पुन्हा ताप दिला. दुसऱ्या खेपेस घणाचा आवाज बदलला. भद्द आवाज जाऊन भरीव आवाज आला. तिन्ही पट्ट्या एक झाल्या होत्या.

पुढील काम तुलनेने सोपे. पाते लांबवून आकार दिला, राखेत पुरून रात्रभर सावकाश निवविले, दुसऱ्या दिवशी कानशीने घासून मधले पोलाद काठावर आणले. मग पुन्हा तापविले. कितपत तापवावे? सुमारे ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला चुंबक धरत नाही. चुंबक सुटला की त्याहून किंचित अधिक तापवून कोमट तेलात बुडवावयाचे. पाण्यात बुडविले तर अशा पोलादाला तडा जाण्याची भीती. तेलातून निघालेले पाते काचेसारखे कठीण आणि काचेसारखेच ठिसूळ असते. म्हणून त्याला सुमारे दोनशे अंशांवर तास-दोन तास शेकून थोडे नरम करतात. घरच्या ओव्हनमध्येही हे होते. घासलेल्या पात्यावर वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग चढला की पुरे. शेवटी आम्लाचा हात देताच कडीच्या रेषा उमटल्या, आणि त्यांच्या खाली पोलादाचा काठ गर्द निराळा दिसू लागला. सुरीच्या पात्याचे वजन भरले एकशे तीस ग्रॅम. आजींनी ती हातात घेतली, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाल्या, "हलकी आहे. चालेल." दुसऱ्या दिवशी त्या सुरीने त्यांनी भोपळ्याची फोड केली.

अशी सुरी सांभाळावी कशी, हे गृहिणींनी विचारले आहे. ती स्टेनलेस नव्हे. लिंबू, चिंच, कांदा कापला की लगेच धुऊन कोरडी पुसावी, पाण्यात पडू देऊ नये, अधूनमधून खोबरेलाचा हात द्यावा. वापराने तिच्यावर करडा रंग चढतो. तो मळ नव्हे, ते तिचे वस्त्र आहे.

यानंतर दोन कडू गोष्टी सांगणे कर्तव्य आहे.

पहिली कायद्याची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, वास्तूतून निघालेली वस्तूही पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकते. म्हणून वस्तू फार जुनी किंवा घडणीने विशेष वाटत असेल, तर भट्टीआधी पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराला दाखवून लेखी सल्ला घ्यावा. एक अर्ज आणि एक पोच, एवढाच खर्च आहे. गडकिल्ल्यांवर पडलेला खिळासुद्धा उचलू नये. तो आपला नाही, सर्वांचा आहे. रेल्वेचे लोखंड रुळाकडेला पडलेले दिसले तरी त्याला हात लावू नये. त्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो दात असलेला कायदा आहे. लिलावात घेतलेल्या मालाची पावती जपावी.

दुसरी गोष्ट सचोटीची. जुन्या लोखंडाला मागणी येताच जुन्या लोखंडाच्या कथाही विकल्या जाऊ लागतात. "ही सुरी अमुक गडाच्या दरवाजाच्या खिळ्याची" असे सांगणारा मनुष्य एक तर खोटे बोलत असतो किंवा गुन्हा कबूल करीत असतो. तिसरा पर्याय फारसा संभवत नाही. ठोकून झालेल्या लोखंडाच्या पोटातून गावाचे नाव वाचता येत नाही. खाचेची परीक्षा जात सांगते, कूळ सांगत नाही. आपण आपल्या कडीविषयी जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच लिहावे. ठाऊक नसलेल्या जागी पेशवाई घालू नये.

आणि जी वस्तू स्वतःच इतिहास आहे, तिला भट्टी कधीच दाखवू नये. परमुलखातील मराठी माणसाला हे समजावून सांगण्यास तंजावराइतके मोठे उदाहरण नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले. पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या काठी मराठी नांदली. १८५५ साली तेथील शेवटचे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि राज्य कंपनी सरकारने खालसा केले. राजवाड्यातील शस्त्रागार पुढे मोडण्यात आले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली, आणि बाकीच्या पुष्कळ शस्त्रांचे भंगार झाले. त्या भंगाराचे पुढे काय झाले? कोणा लोहाराने त्यांचे विळे केले असतील, खिळे केले असतील. लोखंड वाया गेले नसेल, परंतु त्याबरोबर चालणारा कागद उरला नाही, म्हणून ते असून नसल्यासारखे झाले. त्याच राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय मात्र टिकले, आणि सरफोजीराजांचे नाव आज विद्वानांच्या तोंडी आहे. काय वितळले आणि काय राहिले, हे परमुलखातील प्रत्येक मंडळाने एकदा ताडून पाहावे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या माळ्यावर गावचे लोखंड असेल, त्यांनी प्रथम ते खाली उतरवावे, त्याचे वजन करावे, छायाचित्र घ्यावे, आणि ते कोणत्या दाराचे, कोणी बसविले, घर केव्हा गेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे. हे काम या महिन्यातच करावे, कारण लोखंड आणखी शंभर वर्षे थांबेल. सांगणारी माणसे थांबणार नाहीत. दुसरे असे की, जोडीतील एक वस्तू मूळ रूपात ठेवावी. एकच असेल तर ती ठोकू नये, गंज पुसून, तेल देऊन भिंतीवर लावावी. तिसरे, जिची जोडीदार आहे, जिच्यात पुरातत्त्वाचे काही नाही आणि जी देण्यास घरातील वडील माणूस मनापासून तयार आहे, तेवढीच भट्टीत घालावी. आणि जी सुरी होईल ती काचेच्या कपाटात न ठेवता स्वयंपाकघरात वापरावी. कपाटातच ठेवावयाची तर कडी काय वाईट होती?

श्रोतेहो, उपदेश करण्याचा आमचा पिंड नाही, आणि भाषणाची वेळही संपत आली आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ काढले, त्यांनी गावाकडून आणलेल्या गोष्टी मऊ होत्या. ओव्या होत्या, सणांच्या रीती होत्या, बोलण्यातला हेल होता. त्यांच्या बळावर नोकरी मिळत नव्हती आणि परीक्षेत गुण मिळत नव्हते. आपल्या मुलांची धार येथल्या शाळांत, येथल्या भाषेत, येथल्या स्पर्धेत लागली, आणि ती लागलीच पाहिजे होती. परंतु निव्वळ धार असलेले पाते पहिल्या आघाताला तुटते. त्याला दोन्ही अंगांनी धरून ठेवणारे काही तरी मऊ आणि जुने लागते. ते आपण पुरविले आहे की नाही, याचा जबाब पुढील पन्नास वर्षे देतील.

परसदाराच्या कडीत आगीनंतर थोडेच लोखंड उरले, पण ते कामाला लागले. आपल्यापाशीही जे थोडे उरले आहे, ते माळ्यावर न राहता रोजच्या हाती यावे, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रार्थना आहे.